ओहायोचा वॉल्टर

सकाळी सहाला सिद्धेश्वर आपला जपानी व्हिडिओ गेम इंटरनेटवर थेट दाखवत बसला. त्याच्या गावी, नौबादला उजाडायचं तेव्हा अमेरिकेत रात्रीची जेवणं उरकलेली असत. तीन वर्षांपूर्वी या वेळेला साडेतीनशे अमेरिकन त्याचा खेळ बघायला येत. गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, त्याचं बोलणं पडद्यावर वाचायचं, लढाईतसुद्धा आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. एक गोष्ट संपायला महिना लागे. आता तिकडच्यांना एवढा दम निघेना. ‘फार संथ’ असं लिहून एकेक जण गेला. आज पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता आठ.

त्या आठांत वॉल्टर नव्हता. ओहायोच्या या म्हाताऱ्या ट्रकवाल्यानं पाच वर्षांत एक सकाळ चुकवली नव्हती.

भिंतीपलीकडे बंदुका धडधडत होत्या. धाकट्या बहिणीचा, दानेश्वरीचा खेळ. सुरू करून सहाच महिने झालेले, आणि तिच्याकडे दोन हजार माणसं. ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत सारखी बडबडायची. सिद्धेश्वर खेळताना तोंडच उघडत नसे. आपल्या उच्चारांना लोक हसतील, ही धास्ती.

“वेलकम, वॉल्टर अंकल!” पलीकडून दानेश्वरीचा आवाज आला.

सिद्धेश्वर उठला, हॉलमध्ये गेला आणि राउटरची वायर उपटली. बंदुका थांबल्या. त्याला बरं वाटलं.

दानेश्वरी दारात आली. वायर अजून त्याच्या हातातच होती.

“अण्णा, काय करायलास?”

“दोन हजार हैत की तुझ्याकडं. माझा एक म्हातारा होता, त्यालाबी वढून नेलीस.”

“मी कामून नेऊ? त्यांना बारीक अक्षरं दिसंनात आता. तुझ्यात सगळं वाचावं लागतंय. माझ्यात नुसतं ऐकत बसतेत.”

सिद्धेश्वरला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी वॉल्टरनं लिहिलं होतं, ‘जरा मोठ्यानं वाचशील का?’ त्याला ती टिंगल वाटली होती. त्यानं उत्तरही दिलं नव्हतं.

“वाच की. मी पाठवते त्यांना,” दानेश्वरी म्हणाली.

“तू नको पाठवू.”

ती आत गेली. त्यानं वायर लावली आणि परत पडद्यासमोर येऊन बसला. आठांतले पाचच उरले होते. पडद्यावर एक नावाडी काहीतरी सांगत होता. सिद्धेश्वरनं घसा खाकरला आणि ते इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचलं. मग दुसरं. कान तापले, पण तो वाचत राहिला.

पाचाचे सहा झाले.

वॉल्टरनं लिहिलं, ‘छान वाचतोस. अगदी तुझ्या बहिणीसारखं.’