पूर्ण मिनिटभर

नर्सच्या लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा आपटले. यंदा धाकटीही बसतेय, आणि आई माझ्यादेखत येईल त्याला सांगते, "ही पहिल्या फटक्यात काढणार."

परवा धाकटीने विचारलं, "ताई, डिगॉक्सिन देण्याआधी काय बघायचं?"

पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे; साठच्या खाली असले तर गोळी द्यायची नाही, ती हृदयाचे ठोके आणखी मंद करते. मला हे झोपेतही सांगता येतं.

"बीपी बघ, पुरे," मी म्हणाले.

आईची डिगॉक्सिन रोज मीच देते. आज क्लासवरून यायला उशीर झाला. आल्याआल्या तिचं मनगट धरलं, मिनिटभर मोजलं. चव्वेचाळीस.

"आज गोळी नको देऊस," मी धाकटीला म्हणाले.

"मघाशीच दिली. बीपी बघून, तू सांगितलंस तसं."