दगडाची निवृत्ती

“माणसानं कपड्यांवर आजवर केलेला अत्याचार आज या अंगणात संपतोय!” व्यंकटरावांनी जाहीर केलं आणि बटण दाबलं.

लाइट गेली.

ऐकायला तिघंच होते. बायको सरजाबाई, वेल्डिंगवाला वीरण्णा आणि शेजारची एक शेळी. शेळी निघून गेली. लाइट दीड तासानं आली, तेव्हा व्यंकटरावांनी घोषणा पुन्हा केली नाही. नुसतंच बटण दाबलं.

नांदेडच्या आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर घडवून ते रिटायर झाले होते आणि औशाला घर बांधून राहिले होते. अत्याचाराचा विषय सरजाबाईंच्या उजव्या खांद्यावरून निघाला होता. चाळीस वर्षं दगडावर कपडे आपटून तो आखडला होता. लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “आपटणं बंद करा. नाहीतर वर्षभरात स्वतःची वेणी स्वतःला घालता येणार नाही.”

दुकानातलं मशीन आणून झालं होतं. त्यानं पहिल्याच आठवड्यात सरजाबाईंचं इरकली लुगडं काठापासून फाडलं. “कपडे खाणारं जनावर घरात नको. माझा दगड बरा,” म्हणून त्यांनी ते हदगावच्या नणंदेला देऊन टाकलं. तेव्हा व्यंकटरावांनी ठरवलं, कपड्यांना गोंजारणारं मशीन आपणच बनवायचं. एकही धागा तुटता कामा नये. तुटला, की बाई परत दगडाकडं जाणार.

त्यांचा ड्रम गरगर फिरत नव्हता, पाळण्यासारखा झुलत होता. त्याला टेम्पोच्या वायपरची मोटर होती आणि आतून रबराचं अस्तर. पिळायला रसवंतीत असतात तसे दोन रूळ होते, पण स्वभावानं मऊ. वाळवायला पत्र्याची पेटी आणि तिच्यात जुन्या कूलरचा पंखा. मशीन सुरू झालं त्याच दिवशी व्यंकटरावांनी दगडाला रीतसर निवृत्ती दिली. त्याच्यावर कोरफडीची सिमेंटची कुंडी ठेवली. ठेवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. निवृत्ती म्हटलं की एवढं चालायचंच.

आठवड्यात उशीची खोळ विरली. दहाव्या दिवशी बनियनला भोकं पडली.

व्यंकटराव चक्रावले. त्यांनी मोटरचा वेग निम्मा केला. मग टॉवेल उसवला. रबराच्या आत गोधडीचं अस्तर लावलं. त्या आठवड्यात दोन शर्ट गेले. मशीन जितकं मवाळ होत गेलं, तितके कपडे जास्त फाटू लागले. एकतीस वर्षं शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात हे बसत नव्हतं.

त्यात आणखी एक कोडं. सकाळी पेटीतून खडखडीत वाळून निघालेले कपडे संध्याकाळी तारेवर दिसायचे.

“हे तारेवर कशाला?”

“वाऱ्याला टाकले जरा,” सरजाबाई म्हणायच्या.

हात लावला तर ओलसर. एप्रिलचा महिना, औशात कावळ्याच्या चोचीला थेंब मिळेना, आणि यांच्या कपड्यांना घाम! व्यंकटराव दुपारी जेवून दोन तास झोपायचे. ती आयटीआयपासूनची सवय. पण आता स्वप्नातही त्यांना ओले बनियन दिसू लागले.

“पाणीच कपडे खाऊन राहिलंय, सर,” वीरण्णानं निदान केलं.

“पाण्याला दात असतात का रे?”

“बोअरचं हाय, सर. सातशे फुटावरचं. तिथं खाली काय काय असतंय, कुणाला ठाव?”

व्यंकटरावांनी दोन दिवस टँकरच्या पाण्यानं धुऊन बघितलं. चादर फाटली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी खांदा तपासला. तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

“आपटणं बंद केलंय ना?”

“म्हणजे काय! दगडावर कुंडी ठेवलीय,” व्यंकटराव छाती काढून म्हणाले. सरजाबाई पदर सावरत भिंतीवरच्या सांगाड्याचं चित्र बघत होत्या. आता डॉक्टरही चक्रावले. त्यांनी गोळी बदलली.

सहाव्या दुरुस्तीनंतर मशीन इतकं हळू झुलायचं, की ते चालू आहे का बंद हे कान लावून ऐकावं लागे. त्या आठवड्यात व्यंकटरावांची निरोप समारंभातली शाल मधोमध फाटली.

ते शाल घेऊन पायरीवर बसले.

“वीरण्णाला कटर घेऊन बोलव. मोडून टाकतो हे. मला जमलं न्हाई.”

“असं काय करता?”

“मग काय करू? खांदा बी गेला, कपडे बी गेले. दिवाळीला तुझी वेणी मला घालावी लागंल. आणि मला तर साध्या सुतळीला बी पीळ घालता येत न्हाई.”

सरजाबाई त्यांच्याशेजारी टेकल्या. डाव्या हातानं त्यांनी शाल घेतली आणि घडी करून मांडीवर ठेवली.

“मोडू नका. लई गुणी मशीन हाय. आजवर एक धागा तोडला न्हाई त्यानं.”

“मग फाडतंय कोण?”

सरजाबाईंनी कोरफडीकडं बघितलं.

“तुमचं मशीन कपड्याला लई जपतंय, अहो,” त्या हळूच म्हणाल्या. “पण ते मळाला बी तेवढंच जपतंय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. आता एवढंच करा, दगडावरची ती कुंडी तेवढी खाली काढून ठेवा. रोज दुपारी मला उचलत न्हाई.”