परीक्षेची तयारी

विसरण्याच्या आजारावरचं नवं औषध चाचणीसाठी मोजक्याच रुग्णांना मिळणार होतं. निवडीआधी परीक्षा आहे म्हटल्यावर जन्मभर शाळेत शिकवलेल्या काकूंनी कंबर कसली. दवाखान्यात दर खेपेला विचारले जाणारे प्रश्न, घड्याळाचं चित्र, शंभरातून सात-सात वजा करणं, सगळं त्यांनी नवऱ्याकडून महिनाभर घोटून घेतलं.

डॉक्टरीणबाई उत्तरं बघून हसल्या. "काकू, काकांना तर सगळं आठवतंय! हे औषध ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी आहे. काकांना नाही घेता येणार."

"अहो, मीच पाठ करून घेतलंय हो!"

"आता नियमाने काहीच करता येत नाही, काकू."

जिना उतरताना काकांनी काकूंना हळूच विचारलं,

"बाई, पास झालो ना मी? मग माझ्या बायकोला फोन लावून द्या. खूश होईल ती."