हजेरीपुस्तकं

शिवाजीनगरातल्या आर्थिक इतिहासाच्या नव्या ग्रंथालयात गिरणीमालकांच्या चरित्रांना काचेचं कपाट मिळालं होतं. आयुष्यात एक धागा न ओढलेली माणसं ती! कामगारांची हजेरीपुस्तकं मात्र दुपारच्या टेम्पोने रद्दीत जायची होती.

"अण्णा, गिरणी काय मालकांनी चालवली?" ग्रंथपाल पवित्राने तोंडावर विचारलं.

"अक्का, नुसते अंगठे आहेत त्यात. कोण वाचणार?" विश्वस्त महांतेश हसले. "स्वल्प, थोडं जागेचं बघा की."

पवित्राने हट्टाने पहिलं पुस्तक ग्रंथालयात दाखल करून घ्यायला ओढलं. ग्रंथालयाचा शिक्का सतराव्या पानावरच मारायचा, हा तिचा नेम. तिने शिक्का मारला आणि शेजारचा शंभर वर्षांपूर्वीचा अंगठ्याचा ठसा ओला झाला. शाई तिच्या बोटाला लागली.

दुसऱ्या पुस्तकात तेच. तिसऱ्यातही तेच.

महांतेशांचं हसू विरलं. भर उन्हाच्या त्या खोलीत ताज्या कापसाचा वास भरला.

"अक्का, कपाट बघा."

कपाटाला कुलूप होतं, किल्ली महांतेशांच्या मुठीत होती. तरी काचेवर आतल्या बाजूने निळे अंगठे उमटत होते. एकामागून एक, रांगेने, कुठलीही घाई न करता.

वडीलधारं कुणी आत यावं, तशी पवित्रा खुर्चीतून उठून उभी राहिली.