उसना कूलर

धुळ्यात ऊन असं पेटलं की देवपुरातला ट्रान्सफॉर्मर तापून सारखा बंद पडू लागला. वरून तातडीचा आदेश आला, ट्रान्सफॉर्मरलाच कूलर लावा. सरकारी कूलर पुरेनात, तेव्हा नवऱ्याच्या पश्चात एकट्या राहणाऱ्या प्रमिलाअक्कांनी आपल्या घरातला दिला. मग रोज भर दुपारी त्या तिथे येऊन कुंपणाबाहेर निंबाखाली डोळे मिटून बसू लागल्या.

"अक्का, आता लाईट जात नाही. घरी पंख्याखाली पडा ना," वायरमन तौसिफ म्हणाला.

आत ओल्या वाळ्याचा वारा खात ट्रान्सफॉर्मर संथ घुमत होता.

"हळू बोल रे," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या. "तुमचे नाना गेल्यापासून या कूलरसमोर कोणी घोरलंच नव्हतं."