धनीबाईचा आइतवार

"चहा नको, मॅडम. एक काम होतं," रामलाल नायक म्हणाला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकला.

आभा लोखंडी खाटेवर बसली. खोलीत बसायला तिसरं काही नव्हतंच. गच्चीवर नव्यानेच बांधलेली भाड्याची खोली, पत्र्याचं दार, कडाप्प्याची एक फळी. फळीवर स्टोव्ह, दोन पातेली आणि परवाच आणलेली वाळवीच्या औषधाची बाटली.

रामलाल हा दिग्रसजवळच्या बंजारा तांड्याचा नायक. त्याची नात आभाच्या वर्गात होती. आभा मॉरिशसची. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात गेले आणि पणती दोन वर्षांच्या करारावर इंग्रजी शिकवायला थेट वऱ्हाडात आली. ती आल्यावर चार महिन्यांत तिकडे तिची आई गेली. तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं, म्हणून ती गेलीच नाही. शाळा मात्र तिने एक दिवसही बुडवली नाही, याचं हेडमास्तरांना फार कौतुक होतं.

"तांड्यावर धनीबाई हाये," रामलाल म्हणाला. "तिचा माणूस दिवाळीच्या आंधी वारला. लेकरू नाही. हप्ताभर कापूस वेचाले जाते, पन आइतवारी दार लावून पडून राह्यते. जेवत नाही, बोलत नाही. साल कसं हाये, तुमी पाहूनच राह्यल्या."

साल कसं आहे ते आभा पाहतच होती. कापसाच्या गाड्या बाजारात उभ्या होत्या आणि पेपरात आत्महत्येच्या बातमीत रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव येत होतं.

"मी काय करू?"

"आइतवारी तिच्याकडे येत जा. आमचं ती आयकत नाही. पन परकं माणूस घरी आलं त चूल पेटवाच लागते."

आभा हो म्हणाली. दुसऱ्याचं दुःख निस्तरायला माणूस चटकन तयार होतो.

उठता उठता रामलालने फळीकडे पाहिलं. "ते औषध देता का? आमच्या घरी चौकटीले वाळवी लागली." तिने बाटली देऊन टाकली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

रविवारी ती पुसदच्या बसने फाट्यावर उतरली आणि चालत तांड्यावर गेली. धनीबाई अंगणात उभी होती. आरशांची कांचळी चोळी, कानांशी केसांत लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्या. तिने आभाच्या गळ्यात हात टाकले आणि सुरावर रडायला लागली. जिवाचं माणूस भेटलं की आमच्या बाया अशाच रडतात, असं नायकाच्या नातीने सांगून ठेवलं होतं. आभालाही रडू आवरलं नाही. धनीबाई थांबली तरी ती बराच वेळ रडत होती.

मग चूल पेटली. "तू जेवशील त मी जेवीन," धनीबाई म्हणाली. आभाने तीन भाकरी खाल्ल्या. बिचारीच्या पोटात दोन घास जावेत म्हणून.

पुढे रविवार ठरूनच गेला. कधी सेवालाल महाराजांच्या देवळात भोग, कधी बाजार, कधी उन्हात बसून कशिद्याचे टाके. सोमवारी ती सायबर कॅफेत जाऊन भावाला, अनिकेतला, सगळं लिहायची. घुगऱ्यांवर तर तिने पानभर लिहिलं. दाराशी पुरुषाचे जोडे असत, नेहमी तेल लावलेले. नवऱ्याची आठवण असेल, म्हणून तिने कधी विचारलं नाही.

जानेवारीत अनिकेतने कळवलं, तिकीट काढतो, करार मोडून परत ये. तिने उत्तर पाठवलं, "धनीबाईला एकटीला टाकून कशी येऊ? उद्या तिने काही बरंवाईट केलं तर?"

होळीच्या आधी एका बुधवारी शाळा लवकर सुटली. तांड्यावर लेंगी गाणी सुरू झाली असतील, ती ऐकावीत म्हणून आभा न सांगताच निघाली.

अंगणात लाल पागोटं घातलेला एक माणूस जेवत बसला होता. धनीबाई त्याला वाढत होती आणि कशावर तरी खदाखदा हसत होती. आभा दिसताच तो ताट घेऊन उठला. मग काय वाटलं कोण जाणे, परत बसला.

"हे कोण?" आभाने विचारलं.

"माया माणूस. खेमसिंग," धनीबाई म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

"आइतवार आला का मले भावाच्या घरी धाडते," खेमसिंग ताटाकडे बघत म्हणाला. "चार महिने झाले, मी मेलेलाच हावो. म्हनते, खोट्या मरनानं आयुष्य वाढते."

आभा ओट्यावर बसली. धनीबाईने घुगरीला हात लावला. "माणूस मेलेली बाई हे घालत नाही. बांगड्याबी नाही. मले वाटे, आज वळखशीन, उद्या वळखशीन."

"खोटं का सांगितलंत मला?"

"तू बाटली घेतली, तवा नायक दुकानात तुया मांगं उभा होता."

आभाला राग आला. "ती वाळवीसाठी होती."

धनीबाई तिच्याजवळ येऊन बसली आणि तिने आभाचा हात हातात घेतला.

"नायक तुई खोली पाहून आला, बाई. खाट लोखंडाची, दार पत्र्याचं, फळी दगडाची. वाळवी लागली कशाले होती?"