निळी पाटी

“पुढे निळी पाटी दिसेल. तिथून उजवीकडे वळ,” गळ्यातल्या यंत्रातून नावेदचा आवाज म्हणाला आणि बिल्कीस भर रस्त्यात थबकली.

तिला पाटी दिसणार कशी? बारा वर्षांची असताना तापात तिची नजर गेली, त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. मागून लोखंडाचे ट्रेलर हॉर्नवर हॉर्न देत होते. शेवटी कुण्या भल्या बाईने तिला हाताला धरून रिक्षात बसवलं आणि पनवेलला परत पाठवलं.

गळ्यात अडकवायचं ते मोबाइलएवढं यंत्र थोरल्या भावाने, नावेदने, कतारहून आणलं होतं. तोंडाने ठिकाण सांगायचं, की ते उपग्रहाला विचारून वाट काढायचं. शिवाय त्यात आपला आवाज भरता यायचा. जिथे उभं राहून बोलावं, तिथे पुन्हा गेलं की यंत्र तेच बोलून दाखवायचं. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नावेदने रोडपालीचा बसस्टॉप ते शाळा हा सगळा रस्ता मोठ्या हौसेने भरून ठेवला. निळी पाटी, गुलाबी बंगला, हात हलवणारा वॉचमन. बहिणीला दिसत नाही हे तो विसरला, असं नव्हे. आपल्याला दिसतं हे विसरला. दुसऱ्या दिवशी तो कतारला परत गेला.

शाळा दृष्टिहीन मुलांची होती. ब्रेल शिकवायची नोकरी बिल्कीसला मिळाल्यातच जमा होती. मुख्याध्यापिका आशालताबाईंची अट एकच होती. “एकटीनं यायचं. ज्या मुलांना आपण एकटं चालायला शिकवतो, त्यांची बाई कुणाचा हात धरून कशी येईल?” हजर व्हायला दहा दिवस उरले होते.

रिक्षातून उतरणारी लेक पाहून आणि घडलं ते ऐकून अब्बांच्या, भांडीवाल्या शकीलभाईंच्या, तोंडचं पाणी पळालं.

“बस झालं हे खेळणं. ट्रकखाली घालायला नाही वाढवलं मी तुला.”

त्यांनी यंत्र तिच्या गळ्यातून काढलं, कपाटात टाकलं आणि कुलपाची किल्ली खिशात घातली. बिल्कीसने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतर अब्बांचं काहीतरी बिनसलंच. पहाटे फजरची नमाज झाली की ते घराबाहेर पडत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणत. दुकान उघडायला दहा वाजवत. बरं, हिवाळा तोंडावर आला तरी हातात छत्री. “पाऊस कधीच गेला, छत्री कशाला?” अम्मी विचारायची. “कुत्री फार झालीत,” ते म्हणायचे. एकदा कपाळावर टेंगूळ घेऊन आले, एकदा गुडघा सोलून. दोन्ही वेळा म्हणे स्कूटर घसरली. त्यातच अम्मीची काळी ओढणी दोरीवरून नाहीशी झाली आणि ती दिवसभर वाऱ्याला बोल लावत बसली. बिल्कीस सगळं ऐकत होती. जो माझी वाट अडवतो, त्याची स्कूटर घसरणारच, असं तिच्या मनात आलं. मग तिने चटकन तौबा म्हटलं.

सोमवारी सकाळी अब्बांनी यंत्र तिच्या हातात ठेवलं.

“एकदाच. आज जमलं नाही, तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही.”

“नावेदभाईच्या त्या पाटीनं कसं जमणार, अब्बा?” दहा दिवसांत ती पहिल्यांदा बोलली. ते दुकानाकडे निघून गेले.

रोडपालीला बसमधून उतरून तिने काठी उघडली, यंत्राचं बटण दाबलं आणि शाळेचं नाव सांगितलं. आज परत फिरले तर आयुष्यभर घरातच, एवढं तिला कळत होतं.

“निळी पाटी विसर,” यंत्रातून अब्बांचा खरखरीत आवाज आला. “डावीकडे भिंत आहे, ती सोडू नकोस. तुझ्या पावलांनी बावीस.”

तिने मोजलं. बाविसाव्या पावलाला भिंत संपली.

“आता पावाचा वास येईल. वास मागे पडला की थांब. पुढे उघडं गटार आहे.”

वास आला, मागे पडला. काठीला गटाराचा काठ लागला.

“इथे खांब. कपाळाच्या उंचीला लोखंडी पट्टी आहे. फार लागते.”

तिने हात वर केला. गार लोखंड.

“ही ट्रेलरची गल्ली. आवाज डावीकडून येतो, पण समोरच्या भिंतीवर आपटून उजवीकडचा वाटतो. फसू नकोस. दोन्ही कान शांत झाले की मगच निघ.”

बिल्कीसच्या अंगावर काटा आला. आवाज असा फसवतो, हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगूनही डोळसांना ते कळलं नसतं. मग अब्बांना कसं कळलं? बारा वर्षं ज्या काळोखात ती एकटीच होती, तिथली खडान्‌खडा माहिती हा भांड्यांचा दुकानदार सांगत होता. तिला रडू येत होतं आणि पाय मात्र पुढे पडत होते. दोन्ही कान शांत झाले. तिने गल्ली ओलांडली.

काठी फाटकाच्या गजांवर वाजली. आत मुलं पाढे म्हणत होती.

“हे फाटक. पोचलीस, बेटा,” अब्बा म्हणाले. मग नुसताच त्यांचा श्वास ऐकू येत राहिला, धाप लागलेला. बटण बंद करायचं ते विसरले असावेत. “या अल्लाह, पोचलो एकदाचा... आता ही ओढणी सोडतो डोळ्यांवरची.”